सिगरेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय ४८. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून २३ वर्षं काम. कारखान्यात सगळीकडे सूत आणि कापसाची धूळ, त्यामुळे आत काडी ओढायचीही बंदी. बाहेर पडलो की टपरी. दिवसाला दहा-बारा सिगरेटी, महिनाअखेरीला पैसे संपले की विडी. दात काळपट झाले होते, पण दुखले कधी नाहीत. कीड नाही, सूज नाही, ब्रश केल्यावर रक्ताचा टिपूससुद्धा नाही. बायकोच्या हिरड्यांतून मात्र अधूनमधून रक्त यायचं. मी तिला म्हणायचो, "तुझ्या हिरड्या कच्च्या आहेत, माझ्या बघ." हे मुद्दाम लिहितोय, पुढे त्याचा संबंध आहे.

दिवाळीच्या पाडव्याला सोडली. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, ते सोडणाऱ्यांना माहीत आहेच. तिसऱ्या आठवड्यात ब्रश करताना थुंकी गुलाबी दिसायला लागली. मग लाल. एकदा पेरू खाल्ला तर चावलेल्या जागी रक्त. मी घाबरलो. टपरीवरचा मित्र म्हणाला, "इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की शरीर असंच करतंय. एक ओढून बघ की."

ओढली. बघता बघता रोजच्या पाच-सहा झाल्या. आणि दहा-बारा दिवसांत रक्त खरंच कमी झालं! माझी खात्री पटली की आपल्याला सिगरेट सोडणं मानवत नाही. घरीसुद्धा तसं सांगून टाकलं.

महिन्याभरात खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले तर हलायला लागले. तेव्हा कुठे दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी खुणा केलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घातली आणि त्या आकडे बोलत गेल्या, मदतनीस मुलगी लिहीत गेली. तीन, तीन, सहा, सात, पाच, सात. मला वाटलं दातांचे नंबर चाललेत. ते मिलिमीटर होते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटरची फट असली तर ठीक. माझ्या दोन दातांना ७. एक्स-रेमध्ये त्या दातांना धरून ठेवणारं हाड मुळाच्या निम्म्यापर्यंत उतरलेलं दिसलं.

मी म्हटलं, "बाई, पण मला तर कधी रक्तच येत नव्हतं." त्या म्हणाल्या, "तोच तर घोळ आहे. हिरडी आतून कुजत होती, पण निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, म्हणून रक्त वर येत नव्हतं. तुम्ही सोडलीत, रक्तपुरवठा परत सुरू झाला आणि आजार दिसायला लागला. तुम्ही परत ओढलीत, तो परत झाकला गेला."

हे मला लगेच कळलं, कारण आमच्या धंद्यातलंच आहे. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक काटा असतो. तो काटा अडकून बसला तर धागा तुटलेला असतानाही माग खटाखट चालत राहतो. आवाज अगदी नीट, आणि खाली कापड वाया. माझ्या तोंडात २० वर्षं तो काटा अडकलेला होता आणि मी बायकोला बोल लावत होतो.

आता परत सोडली आहे, आज १९ वा दिवस. हिरड्यांच्या आतून सफाई चालू आहे, चारपैकी दोन बैठका झाल्या. रक्त पुन्हा येतंय. या वेळी घाबरलो नाही, पण विचारतो: असं किती दिवस चालतं? कोणाला अनुभव आहे का?

---

गवतफूल

काका, बरं झालं लिहिलंत. माझ्या भावानेही गेल्या वर्षी सोडली होती आणि "तोंड आलं, रक्त आलं, मला नाही जमत" म्हणून परत सुरू केली. आम्हाला वाटलं बहाणे सांगतोय. आज रात्रीच त्याला हा धागा पाठवते.

---

मुळापासून

मी हिरड्यांची डॉक्टर आहे, नाशिकला. धागा बघून राहवलं नाही.

पंचगंगाकाठ, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सिगरेट सोडल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण वाढतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तुमची आतली सफाई चालू आहे, त्यामुळे जसजसं कीटण, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, निघेल तसतसं ते उतरायला हवं. उपचार पूर्ण झाल्यावरही रक्त येतच राहिलं, किंवा न घासता आपोआप यायला लागलं, तर साखर आणि रक्ताची साधी तपासणी करून घ्या. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश टाळू नका. बहुतेक लोक नेमकं हेच करतात. मऊ ब्रश घ्या आणि त्याच जागी, हलक्या हाताने, जास्त वेळ फिरवा. मीठ किंवा तुरटी रगडून हिरडी घट्ट होत नाही, सोलवटते.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं त्यात थोडी भर घालते. रक्तवाहिन्या आवळणं हा एक भाग झाला. धुरामुळे हिरडीतल्या पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. प्राणवायू कमी मिळतो, आणि हाड खाणाऱ्या जंतूंना प्राणवायू नसलेली जागाच मानवते. म्हणजे जंतूंना आयतं घर मिळतं आणि राखणदार झोपलेला. ओढणाऱ्यांची हिरडी पुष्कळदा फिकट, जाड, घट्ट दिसते. आरशात बघून माणूस म्हणतो, हिरडी ठणठणीत आहे. वरच्या दातांच्या आतल्या बाजूला, टाळूकडे, जिथे धूर आधी लागतो, तिथे मला खोल खिसे, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातल्या वाढलेल्या फटी, फार सापडतात, आणि ती बाजू आरशात दिसतच नाही.

एकच उपचार दोघांवर केला, एक ओढणारा आणि एक न ओढणारा, तर ओढणाऱ्याचे खिसे कमी भरून येतात. कृत्रिम दाताचा स्क्रू हाडात बसवला तर तो निकामी होण्याचा धोका ओढणाऱ्यात साधारण दुप्पट. त्यामुळे माझ्याकडे कोणी "डॉक्टर, आधी दात बसवा, मग बघू सिगरेटचं" म्हणालं की मी तारीखच पुढची देते. मला त्यात पैसे मिळतात, तरी देते.

गेलेलं हाड बहुतेक वेळा आपोआप परत येत नाही. पण जिथे आहे तिथे ते थोपवता येतं, आणि ७ मिलिमीटरचे खिसे ४ पर्यंत येताना मी पुष्कळदा पाहिलेत. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या आणि आकडे इथे सांगा.

---

काळी_कसदार

माझं मत वेगळं आहे. आमच्या आजोबांनी ८४ व्या वर्षापर्यंत विडी ओढली, शेवटपर्यंत ऊस दाताने सोलून खायचे. दुसरं म्हणजे, मशीनने दात साफ केले की ते ढिले होतात, हे मी स्वतः बघितलंय. वडिलांनी साफसफाई करून घेतली, पंधरा दिवसांत दोन दात हलायला लागले आणि वर्षात पडले. तेव्हापासून घरात कोणी त्या वाटेला जात नाही. काकांनी विचार करून पुढच्या बैठका घ्याव्यात.

---

मुळापासून

काळी_कसदार, तुमच्या आजोबांचे दात टिकले याचा मला आनंदच आहे. प्रत्येक ओढणाऱ्याचे दात पडतातच असं कोणी म्हणत नाही. पण त्यांच्याबरोबर विडी ओढणारे जे इतर होते, त्यांच्या तोंडात साठीला किती दात उरले होते ते गावात विचारून बघा.

वडिलांच्या बाबतीत तुम्ही बघितलं ते खरं आहे, त्याचा अर्थ मात्र उलटा आहे. पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो, त्याच्या मुळ्या दगडांना धरून असतात. पिंपळ काढला की दगड सुटे दिसतात. पण दगड सुटे केले कोणी? कीटण दातांना असंच बाहेरून एकमेकांत जखडून ठेवतं आणि आत हाड खात राहतं. ते काढल्यावर दात हलतात, कारण हाड आधीच गेलेलं असतं. वडील पाच-सहा वर्षं आधी दवाखान्यात गेले असते तर कदाचित ते दोन दात राहिले असते.

पंचगंगाकाठ, बैठका अर्ध्यावर सोडू नका.

---

काळी_कसदार

हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. वडिलांच्या दवाखान्यात "झालं, पैसे द्या" एवढंच बोलणं झालं होतं. मी स्वतः विडी ओढतो. सध्या एवढंच लिहितो.

---

मधली_आळी

अनुभव, थोडक्यात. अक्कलदाढ काढली, डॉक्टरांनी तीन दिवस ओढू नका सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढली. तिसऱ्या रात्री कानापर्यंत ठणका, गोळीने न थांबणारा. दाढेच्या खड्ड्यात साकळलेलं रक्त झाकणासारखं बसतं, ते निघून जाऊन खाली हाड उघडं पडलं होतं. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. आठवडाभर रोज जाऊन औषधाची पट्टी भरून घेतली. बाळंतपण झालेल्या बायकोने माझी कीव केली, यावरून समजा.

---

अबोली

धागा सिगरेटचा आहे, पण मला आईबद्दल विचारायचं आहे. चालणार नसेल तर सांगा, वेगळा काढीन.

आम्ही पाटण तालुक्यातले. आई ६६ वर्षांची, लग्न होऊन आली तेव्हापासून मिशरी लावते. तिची सासू लावायची, जावा लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. घरभर तो वास आणि आम्ही पोरं खोकत अंगणात, ही माझी लहानपणची आठवण. पूर्वी सकाळी एकदा, आता दिवसातून सहा-सात वेळा. बोटावर घेऊन उंबऱ्यावर बसली की अर्धा-अर्धा तास. तिला व्यसन म्हटलेलं अजिबात खपत नाही. "मी काय तंबाकू खाती का? दात घासती मी." दाढ दुखली की जास्त लावते, आणि तिला खरंच बरं वाटतं, त्यामुळे माझं बोलणं खोटं ठरतं.

गेल्या महिन्यात आले तेव्हा तिच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ, जिथे मिशरी धरते तिथे एक पांढरट, सुरकुतलेला चट्टा दिसला. कापसाने पुसला तरी जात नाही. तिला दुखत नाही, तिखट खाल्लं की झोंबतं म्हणे. दुखत नाही म्हणून दवाखान्यात यायला तयार नाही. मी पुण्याहून दर आठवड्याला येऊ शकत नाही आणि रात्री झोप लागत नाही.

---

शारजावासी

अबोलीताई, वेगळा धागा कशाला? २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे होते ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे-चघळणारे २४.४ टक्के. आपल्याकडे हा प्रश्न धुरापेक्षा मिशरीचा आणि चघळायच्या तंबाखूचाच मोठा आहे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावरच्या मिशरीला कोण अडवणार?

---

मुळापासून

अबोली, शांतपणे वाचा.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो डॉक्टरांनी बघायलाच हवा. दुखण्याची वाट बघायची नाही. सुरुवातीला यातलं काहीच दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच बायका आमच्याकडे उशिरा येतात. अशा चट्ट्यांपैकी बहुतेकांचा कर्करोग होत नाही. पण कुठला होईल हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही, म्हणून छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. जागा बधिर करून करतात, ती त्याच दिवशी घरी येईल. पुष्कळ चट्टे मिशरी थांबवल्यावर विरतात किंवा पातळ होतात. आईला सांगण्यासारखी ही खरी गोष्ट आहे. लाल भाग, न भरणारी जखम, गाठ, गिळताना त्रास, यांपैकी काही असेल तर मात्र आठवडाही थांबू नका.

दाढ दुखल्यावर मिशरीने बरं वाटतं हेही खरं, निकोटीनने तेवढ्यापुरतं बधिर झाल्यासारखं होतं. म्हणून "तुझं खोटं आहे" असं म्हणू नका. आधी तिची दुखरी दाढ बघायला न्या. दाढेसाठी आलेली बाई चट्टा दाखवते. चट्ट्यासाठी बोलावलेली येत नाही. माझा १६ वर्षांचा अनुभव आहे.

---

माडाखाली

गोव्याहून. आमच्या आजीच्या पिढीत काही बायका विडी उलटी ओढायच्या, पेटलेलं टोक तोंडाच्या आत. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे जाड देशी चिरूट, असाच ओढतात. वाऱ्यावर विझू नये, राख सांडू नये, हातातलं काम थांबू नये. आजीची टाळू पांढरी पडून तीवर लाल ठिपके आलेले मी लहानपणी टॉर्चने बघायचो, आम्हा मुलांना ती गंमत वाटायची. पुढे तिथेच जखम झाली. ती कोणाला काही बोलली नाही. नुसती पेज खायला लागली, आणि घरात सगळ्यांना वाटलं, वय झालं.

अबोली, आईच्या जेवणावर लक्ष ठेव. तिखट सोडलं का, मऊ खाते का, एका बाजूने चावते का. त्या बोलत नाहीत.

---

शारजावासी

मी निकोटीन गमवर सोडली, तीन वर्षं झाली. काळी_कसदार, तुम्ही विडी ओढता म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक जण हा गम साध्या गमसारखा कचाकचा चावतात, उचकी लागते, मळमळतं आणि मग म्हणतात उपयोग नाही. तो चावायचा नसतो. आठ-दहा वेळा हळू चावायचा, झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिणी गेली की परत थोडा चावायचा, जागा बदलायची. अर्धा तास पुरतो. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा आणि सिगरेट एकत्र, त्यामुळे लोक नेमके इथेच फसतात. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. एरवी २ चा पुरतो.

१८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर पाकिटावरच छापलेला असतो. मी सुट्टीवर आलो असताना भावाला लावून दिला होता. त्यांनी तारीख ठरवून घेतली आणि नंतर स्वतःहून परत फोन केले.

---

गवतफूल

एक शंका. डॉक्टर, रक्तवाहिन्या निकोटीन आवळतं ना? मग गममधलं निकोटीन चालतं?

---

मुळापासून

अगदी योग्य प्रश्न. निकोटीन तेच, पण धूर नाही, त्यातला कार्बन मोनॉक्साइड नाही, डांबर नाही, उष्णता नाही, आणि मात्रा कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद करायचं असतं. सिगरेट चालू ठेवण्याशी त्याची तुलनाच नको. फक्त पंचगंगाकाठ यांच्यासारखे दात हलत असतील तर गम चावणं ठीक नाही, त्यांनी निकोटीनच्या पॅचबद्दल, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या पट्टीबद्दल, डॉक्टरांना विचारावं.

विडीबद्दलही सांगते. पान हवा आत घेत नाही, विडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि जास्त वेळा ओढावी लागते. "छोटी आहे, कमी लागते" हा समज काढून टाका. सोडल्यावर पाच ते दहा वर्षांत तोंडाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो, हेही लक्षात असू द्या. पन्नाशीतही उशीर झालेला नसतो.

---

अबोली

दाढेची युक्ती चालली. "तुझी दाढ दाखवू, कऱ्हाडला जाऊ, येताना मावशीकडे" म्हटल्यावर तयार झाली. तिथे डॉक्टरांनी दाढ बघता बघता ओठ उलटून बघितला. तुकडा घेतला. आठ दिवस मी काय काढले ते मलाच माहीत. रिपोर्टमध्ये कर्करोग नाही, पण पेशींत सौम्य बदल आहेत, मिशरी बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. आई रिपोर्ट वाचू शकत नाही, तरी दोनदा हातात घेऊन बघितला. डबी अजून फडताळात आहे. परवा सात वेळांची दोन वेळा झाली, असं वहिनीने सांगितलं. माडाखाली, तुमच्या आजीबद्दल लिहिलंत ते मी तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती "कुठल्या गावची म्हणाली?" असं विचारलं.

---

पंचगंगाकाठ

धागा वर काढतोय. तीन महिने आणि सहा दिवस झाले. डॉक्टरीणबाईंनी परत सळई घेऊन मोजलं, या वेळी मी आकडे नीट ऐकत होतो. तीन, दोन, तीन, चार, तीन. मागे सात होते त्यातला एक चारवर आला. दुसरा सहावर अडलाय, तो दात फार हलतोय, बहुधा काढावा लागेल. शेजारच्या दातांना तारेने बांधून थोडे दिवस बघू म्हणाल्या. रक्त पाचव्या आठवड्यापासून उतरलं, आता जवळजवळ नाही, आणि या वेळी ते झाकलेलं नाही, मोजून बघितलेलं आहे.

बायकोलाही त्याच दिवशी दाखवलं. तिचे सगळे आकडे दोन आणि तीन. थोडं कीटण होतं, अर्ध्या तासात निघालं. तिच्या हिरड्या कच्च्या नव्हत्या, वेळेवर सांगत होत्या. घरी येताना रिक्षात मी तिला तसं म्हणालो.

काळी_कसदार, तुमचं काय झालं? वाट बघतोय.

---

काळी_कसदार

वाचतोय दादा. सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. वडिलांनाही नेतोय, त्यांचे उरलेले नऊ दात मोजायला.